वयाचे देणे, बसण्याचे देणे

मनुष्यदेहात वजनाच्या हिशेबाने सर्वांत मोठी मालमत्ता कोणाच्या नावावर आहे, असा प्रश्न केला असता हृदय, मेंदू, यकृत या मानकऱ्यांची नावे प्रथम पुढे येतात. परंतु तरुण आणि निरोगी माणसाच्या वजनाचा सुमारे ४० टक्के हिस्सा ज्याच्या ताब्यात असतो, त्या स्नायूची आठवण सहसा कोणाला होत नाही. याचे एक कारण असे की, हा हिस्सा कमी होऊ लागला तरी त्याची वर्दी देणारी वेदना देहात उमटत नाही, आणि मोकळी झालेली जागा चरबी इतक्या मुकाट्याने व्यापते की, पन्नाशीतला गृहस्थ काट्यावर उभा राहून, पंचविशीत होते तेवढेच आपले वजन आजही आहे, अशा समाधानात खाली उतरतो. आजचा भरलेला देह उद्या वाळून कसा जाणार आहे, याचे जे चित्र ज्ञानेश्वरीच्या तेराव्या अध्यायात आहे ते विरक्तीचा उपदेश म्हणून आपण शतकानुशतके ऐकत आलो. ते वाळणे नेमके कोठून सुरू होते हे तपासण्याची साधने मात्र गेल्या शतकाच्या उत्तरार्धातच माणसाच्या हाती आली.

१९८८ साली स्वीडनमधील उमेओ येथील यान लेक्सेल व त्यांच्या सहकाऱ्यांनी जो निबंध प्रसिद्ध केला, त्याला या विषयाच्या दप्तरात आजही अव्वल पुराव्याचे स्थान आहे. मरणापूर्वी धडधाकट असलेल्या, १५ ते ८३ वर्षे वयाच्या ४३ पुरुषांच्या मांडीच्या बाहेरील बाजूचा स्नायू त्यांनी अखंड काढून घेतला, त्याचे अतिशय पातळ असे आडवे काप केले आणि त्यांतील तंतूंची मोजदाद केली. स्नायूची घट साठीत नव्हे, तर पंचविशीच्या सुमारासच सुरू होते. पन्नाशीपर्यंत ती दहा टक्क्यांच्या आसपास राहते. त्यानंतर मात्र तिचा वेग वाढतो आणि विशीतल्या स्नायूच्या तुलनेने ऐंशीतला स्नायू सुमारे ४० टक्के लहान झालेला असतो, असे त्या मोजदादीतून निघाले. याहून महत्त्वाचा निष्कर्ष असा की, ही घट मुख्यतः तंतू बारीक झाल्यामुळे नव्हे, तर तंतूच नाहीसे झाल्यामुळे होते. जे तंतू उरतात त्यांपैकी झटक्याने, जोराने आकुंचन पावणारे तेवढे विशेष बारीक होतात. आणि पाय घसरला असता तोल सावरण्यासाठी नेमके तेच तंतू लागत असल्यामुळे, म्हातारपणी माणूस घसरतो तेव्हा तो सावरण्याऐवजी पडतो.

त्याच वर्षी अमेरिकेतील अल्बुकर्क येथे भरलेल्या एका सभेत अर्विन रोझेनबर्ग यांनी, वार्धक्यातील या क्षयाला स्वतंत्र नाव दिल्याखेरीज वैद्यकशास्त्र त्याची दखल घेणार नाही, अशा विचाराने ‘सार्कोपेनिया’ ही संज्ञा सुचवली. तिला अमेरिकेच्या रोगवर्गीकरणात स्वतंत्र क्रमांक मिळण्यास २०१६ साल उजाडावे लागले. दरम्यान, स्नायूच्या आकारमानापेक्षा त्याची ताकद अधिक वेगाने घटते, हेही स्पष्ट झाले होते. भारतासह १७ देशांतील सुमारे १ लाख ४० हजार प्रौढांच्या हाताच्या पकडीची ताकद मोजून २०१५ साली जो अहवाल प्रसिद्ध झाला, त्यात पकडीतील प्रत्येक ५ किलोच्या उणिवेमागे मृत्यूचा संभव सुमारे १६ टक्क्यांनी अधिक आढळला, आणि या बाबतीत रक्तदाबाच्या वरच्या आकड्यापेक्षाही मुठीची पकड अधिक खरे भाकीत करते असे दिसले. दवाखान्यात रक्तदाब प्रत्येकाचा मोजतात. मूठ कोणी आवळायला सांगत नाही.

स्नायू क्षीण होण्याची कारणे अनेक आहेत, आणि एकावरच सर्व ठपका ठेवणे हा अन्याय होईल. मज्जारज्जूतून स्नायूकडे हुकूम नेणाऱ्या चेतापेशी वयाबरोबर मरतात. पोरक्या झालेल्या तंतूंपैकी काहींना शेजारची चेतापेशी पदरात घेते आणि उरलेले सुकून जातात. पोटात गेलेल्या प्रथिनांपासून नवा स्नायू घडवण्याची तत्परता मंदावते, संप्रेरके ओसरतात, भूकही कमी होते. या सर्वांचा येथे नुसता नामनिर्देश करून पुढे जातो. कारण ज्या एका स्थळी या बहुतेक वाटा येऊन मिळतात आणि जेथे वयाचा अपराध कोणता व आपला स्वतःचा कोणता, हा निवाडा करण्याजोगा पुरावा उपलब्ध आहे, ते स्थळ पेशीच्या आत, तंतुकणिकेत, म्हणजेच मायटोकॉन्ड्रियात आहे.

स्नायूच्या तंतूंमधील हे कण एकोणिसाव्या शतकात अल्बर्ट कोलिकर यांना सूक्ष्मदर्शकाखाली दिसले होते, आणि १८९८ मध्ये कार्ल बेंडा यांनी त्यांना आजचे नाव दिले. शालेय पुस्तकांतील चित्रात तंतुकणिका ही घेवड्याच्या दाण्यासारखी सुटी दाखवतात. प्रत्यक्षात स्नायूत तिचे स्वरूप तसे नसते. उंदराच्या श्वासपटलाचा अभ्यास करून मॉस्कोतील बाकीवा, स्कुलाचेव्ह आदी संशोधकांनी १९७८ साली दाखवले की, तेथे या कणिका एकमेकींना जोडल्या जाऊन तंतूच्या अंगभर पसरलेले एक सलग जाळे तयार होते. हे जाळे सतत कोठे तुटते, कोठे पुन्हा सांधले जाते. त्याचा निकामी झालेला तुकडा अलग करून पेशी तो पचवून टाकते. ही सफाई जोवर चोख चालते, तोवर तारुण्य टिकते, असे म्हटले तरी अतिशयोक्ती फारशी होणार नाही.

आता या जाळ्याचा मुख्य व्यवहार पाहू. स्नायूला हालचालीसाठी जे चलन लागते ते एटीपी या संयुगाचे. १९२९ साली जर्मनीत कार्ल लोमान यांनी, आणि स्वतंत्रपणे हार्वर्डमध्ये सायरस फिस्क व आंध्रातील भीमावरमचे सुपुत्र येल्लाप्रगडा सुब्बाराव यांनी ते स्नायूतूनच शोधून काढले. स्नायूतील एटीपीची शिल्लक जोराच्या हालचालीत काही सेकंदांपुरतीच असते. म्हणून ते अखंड घडवत राहावे लागते, आणि दिवसभरात देह जेवढे एटीपी घडवतो व मोडतो त्याचे वजन जवळजवळ स्वतः त्या माणसाच्या वजनाइतके भरते. हे घडते कसे, याचा उलगडा १९६१ साली पीटर मिचेल या इंग्रज शास्त्रज्ञाने केला. धरणामागे पाणी उंच साठवून ते चक्रावर सोडावे आणि त्या चक्राने वीज निर्माण करावी, त्याप्रमाणे तंतुकणिका अन्नाच्या ज्वलनातून मिळालेल्या शक्तीने प्रोटॉन आपल्या आतील पडद्याच्या एका बाजूस रेटून साठवते आणि मग पडद्यातील फिरत्या यंत्रातून त्यांना परत येऊ देऊन एटीपी घडवते. पडदा जेमतेम काही नॅनोमीटर जाडीचा, पण त्याच्या दोन बाजूंतील विद्युत्दाब असा की, त्या जाडीच्या मानाने हिशेब केल्यास तो दर मीटरला सुमारे तीन कोटी व्होल्ट निघतो. मिचेल यांची कल्पना वर्षानुवर्षे कोणी मानली नाही. कॉर्नवॉलमधील एक पडका वाडा दुरुस्त करून, त्यात मोजक्या सहकाऱ्यांसह त्यांनी आपले संशोधन चालू ठेवले आणि १९७८ मध्ये त्याच कामासाठी त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. विद्वत्सभेने दुर्लक्ष केले म्हणून हताश न होण्याची इतकी सुंदर उदाहरणे विज्ञानाच्या इतिहासात फार थोडी आहेत.

या कणिकांचा आणखी एक विशेष असा की, त्यांच्याजवळ स्वतःचा डीएनए असतो. तो त्यांच्यात आहे हे १९६३ साली स्टॉकहोममध्ये मार्गिट नास आणि सिल्व्हन नास यांनी दाखवले. कोट्यवधी वर्षांपूर्वी एका मोठ्या पेशीत आश्रयाला आलेल्या जीवाणूंच्या त्या वंशज आहेत, हे मत लिन मार्ग्युलिस यांनी १९६७ मध्ये आग्रहाने मांडले, आणि आज ते सर्वमान्य आहे. मानवी तंतुकणिकेच्या डीएनएची संपूर्ण अक्षरमाला १९८१ साली केंब्रिजमध्ये वाचली गेली तेव्हा तिच्यात अवघी १६,५६९ अक्षरे आणि ३७ जनुके निघाली. त्यांपैकी १३ जनुके प्रथिनांची आहेत, आणि ती तेराही प्रथिने वर सांगितलेल्या प्रोटॉनांच्या व्यवहारातच कामाला येतात. हा दस्तऐवज लहान खरा, पण त्यातील एखादा परिच्छेद गहाळ झाला तर ऊर्जेचा सगळा कारभार अडतो.

आणि तो गहाळ होतो. पेशीच्या मुख्य डीएनएच्या मानाने या डीएनएची दुरुस्तीव्यवस्था तोकडी असते. त्याची नक्कल करताना मधूनच एखादा मोठा तुकडा सुटून जातो, आणि अशी तोकडी प्रत त्याच पेशीत पुढे वाढत राहते. त्वचेची वा रक्ताची पेशी विभागून नव्या पेशीला जागा देते. स्नायूचा तंतू मात्र जन्मभर तोच राहत असल्यामुळे, एकदा शिरलेला दोष त्याच्यातच मूळ धरून पसरतो. अमेरिकेतील विस्कॉन्सिन येथे जड एकेन, जोनाथन वानागॅट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी म्हाताऱ्या उंदरांच्या मांडीतील एकेका तंतूचा मागोवा, त्याचे लागोपाठ काप घेत, त्याच्या लांबीभर घेतला, तेव्हा २००१ साली जे दिसले ते विलक्षण होते. तंतूच्या ज्या टापूत तुटका डीएनए साचलेला होता त्याच टापूत ज्वलनाचे एक महत्त्वाचे एन्झाइम नाहीसे झालेले होते, आणि त्याच टापूत तंतू बारीक होत जाऊन कोठे चिरलेला, कोठे तुटण्याच्या बेतात आलेला होता. त्याच्या अलीकडचा आणि पलीकडचा भाग मात्र शाबूत होता. उमेओच्या मोजदादीत जे तंतू नाहीसे झालेले आढळले, त्यांच्यापैकी काहींचा शेवट असाच झाला असावा, हा तर्क यावरून बळावतो.

मग हा डीएनए बिघडवतो कोण? डेनहॅम हार्मन यांनी १९५६ मध्ये असे प्रतिपादन केले की, देहातील ज्वलनातून निसटणारी मुक्त मूलके पेशीला हळूहळू इजा करतात आणि तेच वार्धक्य होय. १९७२ मध्ये त्यांनी या इजेचे मुख्य स्थान तंतुकणिकेत असल्याचे सुचवले. सिद्धांत देखणा होता, समजायला सोपा होता, आणि त्यावर, मूलकांना आवर घालणाऱ्या गोळ्याबाटल्यांचा एक मोठा व्यापारही उभा राहिला. परंतु पुढील पुराव्याने त्याची बाजू पुष्कळच लंगडी केली. स्टॉकहोम येथे २००४ मध्ये आणि विस्कॉन्सिन येथे २००५ मध्ये असे उंदीर तयार करण्यात आले की, ज्यांच्या तंतुकणिकेतील डीएनएची नक्कल करणारे एन्झाइम स्वतःची चूक तपासून पाहण्यास असमर्थ केलेले होते. सहा महिन्यांच्या सुमारास, म्हणजे ऐन तारुण्यात, या उंदरांचे केस पिकले व गळले, पाठीला पोक आले, हाडे व स्नायू क्षीण झाले. डीएनएमधील चुका जरेची लक्षणे आणू शकतात, हे यावरून सिद्ध झाले. पण त्याच उंदरांत मुक्त मूलकांनी केलेली हानी काही विशेष वाढलेली आढळली नाही. अर्थात या प्रयोगालाही मर्यादा आहे, आणि ती सांगणे न्यायाचे ठरेल: या उंदरांतील चुकांचा साठा कोणत्याही वृद्ध माणसातील साठ्यापेक्षा कितीतरी मोठा होता, आणि एकाच पालकाकडून हा दोष आलेले उंदीर पुष्कळ चुका बाळगूनही अकाली म्हातारे झाले नाहीत.

व्यापाराच्या दृष्टीने याहून अडचणीची बाब २००९ साली जर्मनीत उघड झाली. मायकेल रिस्टो यांच्या चमूने तरुणांना चार आठवडे व्यायाम करायला लावला आणि त्यांपैकी निम्म्यांना रोज क व ई जीवनसत्त्वांच्या भरपूर मात्रा दिल्या; तेव्हा व्यायामाने इन्सुलिनच्या कार्यात जी सुधारणा व्हायला हवी होती ती गोळ्या घेणाऱ्यांत झालीच नाही. व्यायामाच्या वेळी उठणारी थोडीशी मूलके ही स्नायूला नव्या तंतुकणिका घडवण्याची सूचना असते, आणि ती सूचनाच गोळ्यांनी दाबून टाकली, असा त्याचा अर्थ लावण्यात आला.

येथवरची हकीकत वाचून, वयापुढे इलाज नाही असा ग्रह होणे स्वाभाविक आहे, आणि मेयो क्लिनिकमधील श्रीकुमारन नायर यांच्या गटाने २००५ साली प्रसिद्ध केलेल्या मोजणीने तो वरवर दृढही होतो. १८ ते ८९ वयाच्या १४६ निरोगी स्त्रीपुरुषांच्या स्नायूचा सूक्ष्म तुकडा घेऊन त्यांनी तपासले, तेव्हा तंतुकणिकांची एटीपी घडवण्याची क्षमता दर दशकाला सुमारे ८ टक्क्यांनी घटत असल्याचे दिसले. परंतु माणसाचे वय वाढते त्याच काळात त्याचे चालणे, चढणे, उचलणेही कमी होत असते. तेव्हा ही तूट वयाच्या नावे लिहावी की बसण्याच्या? माझ्या मते या सर्व विषयातील खरा प्रश्न हाच आहे, आणि त्याचे उत्तर बरेचसे मिळालेले आहे.

१९६६ साली अमेरिकेतील डॅलस येथे विशीतल्या पाच निरोगी तरुणांना तीन आठवडे अंथरुणावर पडून राहायला लावले, आणि तेवढ्यात त्यांची प्राणवायू वापरण्याची कमाल क्षमता सुमारे चतुर्थांशाने घटली. तीस वर्षांनी त्याच पाच जणांना पुन्हा शोधून त्यांची पाहणी केली, तेव्हा तीन दशकांच्या वाढत्या वयाने झालेली त्यांची घट जेमतेम अष्टमांश होती. तीन आठवड्यांच्या शय्येने तीस वर्षांच्या काळापेक्षा अधिक नुकसान केले होते! पुढे सहा महिने त्यांना धावण्या-चालण्याचा सराव दिला आणि विशीतली क्षमता त्यांना परत मिळाली; विशेष हे की, त्यांच्या हृदयाची कमाल गती वा फेक परत आली नव्हती, जे परत आले ते स्नायूचे रक्तातून प्राणवायू ओढून घेण्याचे सामर्थ्य होते. उलट, सरासरी ६७ वर्षांच्या निरोगी वृद्धांना केवळ दहा दिवस निजवून ठेवले असता पायांतील सुमारे एक किलो मांस गेल्याचे २००७ सालच्या एका प्रयोगात दिसून आले.

स्नायू राबवला तर कणिका वाढतात, हे जॉन होलोझी यांनी १९६७ मध्येच सेंट लुईस येथे उंदरांना फिरत्या पट्ट्यावर पळवून दाखवले होते. बारा आठवड्यांत त्यांच्या स्नायूंतील ज्वलनाची एन्झाइमे जवळजवळ दुप्पट झाली. हा नियम म्हाताऱ्या माणसाला कितपत लागू पडतो, याचे उत्तर नायर यांच्याच प्रयोगशाळेने २०१७ साली दिले. मध्ये विश्रांती घेत जोराने सायकल मारण्याच्या बारा आठवड्यांच्या सरावाने तरुणांच्या तंतुकणिकांची क्षमता ४९ टक्क्यांनी वाढली, तर वृद्धांची ६९ टक्क्यांनी! वर ज्यांची कथा सांगितली त्या अकाली जरठ उंदरांनासुद्धा कॅनडातील मार्क टार्नोपोल्स्की यांच्या गटाने पाच महिने नियमाने पळवले, तेव्हा त्यांच्यातील जरेची लक्षणे बहुतांशी दिसेनाशी झाली, असे त्यांनी २०११ मध्ये लिहिले आहे. नुसती ताकद म्हणावी तर बोस्टनच्या एका वृद्धाश्रमात मारिया फियातारोने यांनी नव्वदीच्या घरातील दहा अशक्त माणसांना आठ आठवडे पायांनी वजन उचलायला लावले होते. १९९० सालच्या त्यांच्या अहवालानुसार पायांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली आणि दोघांना चालताना काठी लागेनाशी झाली.

म्हणून माझा निवाडा असा: तंतूत साचणारा तुटका डीएनए आणि मरणाऱ्या चेतापेशी ही वयाची खरी देणी आहेत, आणि ती आजवर कोणाला चुकवता आलेली नाहीत. तंतुकणिकांची घटलेली क्षमता मात्र बव्हंशी बसण्याची बाकी असून, ती उशिराही फेडता येते.

आपल्याकडे या हिशेबात आणखी एक कलम वाढते. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयात चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ग्रामीण भागातील मातांची व अर्भकांची वर्षानुवर्षे पाहणी केली. तेथील अर्भकाचे सरासरी वजन सुमारे २.७ किलो, तर इंग्लंडमधील साउदम्प्टनच्या अर्भकाचे ३.५ किलो भरले. परंतु ही तूट सगळीकडे सारखी नव्हती: पुणेरी अर्भकात स्नायू फार कमी आणि त्वचेखालची चरबी त्या मानाने पुष्कळ होती. रक्तातील साखर रिचवणारे सर्वांत मोठे कोठार स्नायू हेच असल्यामुळे, ज्याचे भांडवल जन्मतःच अपुरे त्याने ते चाळिशीनंतर खुर्चीत बसून घालवणे हे मधुमेहाला घरी बोलावण्यासारखेच आहे.

सार्कोपेनियावर मान्यता मिळालेले एकही औषध आज अमेरिकेच्या औषध प्रशासनाच्या यादीत नाही. निकामी तंतुकणिकांची सफाई वाढवणारे युरोलिथिन नावाचे एक द्रव्य सध्या फार गाजते आहे, आणि डाळिंबाशी त्याचा संबंध असल्यामुळे सोलापूरच्या बागाईतदाराला त्याचा अभिमानही वाटेल. पण ते द्रव्य डाळिंबात नसते, डाळिंबातील घटकांपासून ते आतड्यातील जीवाणू बनवतात, आणि तसे जीवाणू प्रत्येकाच्या पोटात असतातच असे नाही. डाळिंब खावे, ते उत्तम फळ आहे. त्याच्या नावाची महागडी कुपी घेण्यापूर्वी मात्र दोन वेळच्या जेवणात डाळ, दही, उसळ, अंडे यांचे प्रमाण पुरेसे आहे ना, हे आधी पाहावे.

शेवटी विनंती आहे ती वृद्धांना नव्हे, त्यांच्या मुलासुनांना. आपल्या घरांत वडीलधाऱ्यांचा मान राखण्याची रीत अशी की, त्यांच्या हातचे काम काढून घ्यायचे. ‘बाबा, तुम्ही बसा’, ‘आई, तुम्ही उठू नका’ हे शब्द प्रेमाचे खरे, पण त्यांचा परिणाम डॅलसच्या अंथरुणासारखाच होतो. हृदयविकार वा रक्तदाब असेल तर डॉक्टरांचा सल्ला अवश्य घ्यावा, आजारपणातही कोणत्या दिवसापासून उभे करायचे हे त्यांना विचारून घ्यावे. परंतु त्यांची संमती असेल तेव्हा आईवडिलांना हाताचा आधार न घेता खुर्चीतून दहा वेळा उठू द्यावे, जिना चढू द्यावा, आणि पाण्याची भरली कळशी त्यांनी उचलली तर ती त्यांच्या हातून काढून घेऊ नये.